आकडा रुग्णासोबत जावा

अंगावरून वारे गेले, असे आपल्याकडे म्हणतात. अर्धांगवायू या शब्दातही तोच वायू बसला आहे. पण वारे किती जोराचे होते आणि नेमके केव्हा गेले, हे या बोलण्यातून कळत नाही, आणि आजचे उपचार तर याच दोन प्रश्नांवर उभे आहेत. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकी मेंदूतज्ज्ञाने २००६ साली मांडला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन १९९५ सालच्या चाचणीत तीन तासांच्या आत उपयोगी ठरले; २००८ साली ही मर्यादा साडेचार तासांवर गेली. पुढे जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याची सोय झाली आणि निवडक रुग्णांमध्ये ती चोवीस तासांपर्यंत लाभते, असे २०१८ साली दिसून आले. एवढे सगळे हाताशी असताना विक्रोळीच्या पार्कसाइटवरचा किंवा टागोर नगरातला रुग्ण त्या वेळेत बसतो का?

विक्रोळीचा भूगोल या बाबतीत फारसा दयाळू नाही. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, पूर्वेला द्रुतगती महामार्ग आणि मधोमध रेल्वेचे रूळ. पूर्वेकडे गोदरेजचे कारखाने, कन्नमवार नगर आणि टागोर नगरच्या वसाहती; पश्चिमेकडे डोंगराच्या उतारावर चढत गेलेल्या चाळी आणि झोपड्या, जिथून माणसाला खुर्चीत बसवून खाली आणावे लागते. रूळ ओलांडणारा पूल जून २०२५ मध्ये खुला झाला. त्याआधी वाहनाला घाटकोपरचा नाही तर कांजूरमार्गचा वळसा पडत असे. कन्नमवार नगरातील महापालिकेचे महात्मा फुले रुग्णालय पुनर्बांधणीसाठी बंद झाले, त्यानंतरची वर्षे पूर्वेकडच्या रहिवाशांनी राजावाडीकडे धाव घेत काढली. पुलामुळे काही मिनिटे वाचली, हे चांगलेच झाले. ती मिनिटे पुढे कोठे खर्च होतात, हे मात्र तपासले पाहिजे.

झटका आलेला रुग्ण क्वचितच एका दमात योग्य ठिकाणी पोहोचतो. आधी नाक्यावरचा डॉक्टर, मग जवळचे नर्सिंग होम, तिथून सीटी स्कॅन, आणि ‘मोठ्या हॉस्पिटलात न्या’ असा सल्ला मिळाला की राजावाडी किंवा शीव. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो आणि त्यावर बहुधा एकच ओळ पडते: डाव्या बाजूला अशक्तपणा. तासाभरापूर्वी हात थोडा तरी उचलला जात होता की नाही, बोबडेपणा वाढला की कमी झाला, हे त्या ओळीतून पुढच्या डॉक्टरला कसे कळावे? तो पहिल्यापासून सुरुवात करतो.

डोक्याला मार लागलेल्यांच्या बाबतीत ही अडचण बरीच सुटली आहे. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली शुद्धीची मोजपट्टी दिली. डोळे, वाचा आणि हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण. आज कोणताही निवासी डॉक्टर फोनवर ‘जीसीएस नऊ’ म्हणाला की पलीकडचा समजून जातो. गंमत अशी की, सवयीने हीच पट्टी अर्धांगालाही लावली जाते. ती त्यासाठी केलेलीच नाही. डावा हात-पाय पूर्ण लुळा पडलेला माणूस टक्क जागा असतो, बोलतो, सांगितलेले करतो. त्याला १५ पैकी १५ गुण मिळतात. पेपरवर ‘जीसीएस १५’ वाचून त्याची खाट बाजूला सरकली, तर दोष वाचणाऱ्याचा की लिहिणाऱ्याचा?

अर्धांगासाठी वेगळी पट्टी आहे आणि ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. एनआयएच स्ट्रोक स्केल असे तिचे नाव. शुद्ध, नजर, दृष्टीचा आवाका, चेहरा, दोन्ही हात, दोन्ही पाय, संवेदना, भाषा, उच्चार वगैरे पंधरा बाबी, शून्य ते ४२ गुण. गुण जितके जास्त, तितका झटका मोठा. हात दहा सेकंद आणि पाय पाच सेकंद उचलून धरता येतो का, एवढे साधे तिचे स्वरूप आहे. सराव असला तर पाच-सात मिनिटांत काम होते आणि घड्याळाखेरीज फारसे काही लागत नाही.

पण ही पट्टी अमेरिकेत घडली, हे विसरून चालणार नाही. ती रुग्णाला चालू महिना आणि वय विचारते. उत्तर अचूक हवे, जवळपासचे चालत नाही. कन्नमवार नगरातल्या एखाद्या आजी ‘आषाढ’ म्हणाल्या, तर त्या चुकल्या का? जन्माची नोंदच नसलेल्या माणसाने ‘सत्तरीच्या पुढं असंल’ म्हटले, तर त्याचा मेंदू बिघडला का? चित्रे ओळखायला लावतात त्यांत निवडुंग आहे, हातमोजा आहे, दोन झाडांना बांधायचा झोपाळा आहे. हातमोजा कारखान्यातला कामगार लगेच ओळखेल, त्याची आई कदाचित नाही. हिंदीत या पट्टीचे रूपांतर करून ते तपासले गेले आहे. मुंबईच्या कॅज्युअल्टीत मराठी म्हातारीला हिंदीतून तपासणे हीदेखील तडजोडच. आपल्याकडची चित्रे आणि आपली वाक्ये घालून केलेले, रीतसर पारखलेले मराठी रूप प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर असायला हवे. भाषेमुळे वाढलेले दोन-तीन गुण उपचाराचा निर्णय फिरवू शकतात.

पट्टीची आणखीही खोट आहे. भाषेचे केंद्र बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते, त्यामुळे डाव्या मेंदूच्या झटक्याला गुण जास्त पडतात. उजव्या मेंदूचा तेवढाच मोठा झटका आकड्यात लहान दिसतो. हा रुग्ण कधी कधी आपला लुळा हात आपला नाहीच म्हणतो, ‘मला काही झालेलं नाही’ असे सांगून घरी जायला निघतो, आणि घरचे त्यावर विश्वास ठेवतात. मेंदूच्या मागच्या भागातल्या झटक्यात तर नुसती चक्कर, उलटी आणि चालताना तोल जाणे, इतकेच असू शकते. पट्टी रुग्णाला चालवून पाहत नाही. गुण शून्य येतात आणि पित्त झाले म्हणून गोळी मिळते. शिवाय लेथवर काम करणाऱ्याच्या उजव्या हाताचे दोन गुण म्हणजे त्याची रोजीरोटी. म्हणूनच गुण कमी असले तरी काम बुडवणारे पंगुत्व असेल तर इंजेक्शनचा विचार करावा, आणि नसेल तर त्याचा फायदा दिसत नाही, असे आताचे शास्त्र सांगते. या इंजेक्शनला मेंदूत रक्तस्राव होण्याची जोखीम आहे. १९९५ च्या चाचणीत ते घेतलेल्यांपैकी ६.४ टक्क्यांना तो झाला, न घेतलेल्यांत ०.६ टक्के.

तेव्हा आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवा, असे कोणी म्हणणार नाही. पण आकडाच नको म्हणणे त्याहून महाग पडते. मुंबईच्या एका भागातील सुमारे दीड लाख वस्तीत २००५ आणि २००६ या दोन वर्षांत पाहणी झाली. दर लाखामागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला झटका आला आणि त्यांतले जवळजवळ तीस टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले. विक्रोळीच्या लोकसंख्येला हा हिशेब लावून पाहिला, तर वरचेवर कोणाच्या तरी घरात हे घडत असणार.

सुरुवात रुग्णवाहिकेतूनच होऊ शकते. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो, ही मोठीच जमेची बाजू. त्याला पंधरा बाबींची गरज नाही. सिनसिनाटीत कोठारी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली तीनच खुणांची पट्टी केली: हसताना तोंड वाकडे होते का, डोळे मिटून पुढे धरलेला एक हात खाली येतो का, बोलणे अडखळते का. यांतली एखादी खूण दिसली, तर नुसत्या नर्सिंग होमऐवजी सीटी स्कॅन आणि इंजेक्शन दोन्ही असलेल्या ठिकाणी गाडी वळवता येते.

आणि वेळ. ‘झटका कधी आला?’ असे विचारले की घरचे म्हणतात, ‘सकाळी सहाला उठवायला गेलो तेव्हा.’ वैद्यकाच्या घड्याळाला हा आरंभ मान्य नाही. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथून ते सुरू होते. रात्रपाळी करून आलेला माणूस दोनला झोपला असेल तर चार तास आधीच गेले. हा प्रश्न नाक्यावरच्या डॉक्टरने विचारून चिठ्ठीवर लिहिला, तरी पुढच्याचे काम निम्मे होते.

महापालिकेच्या कारभाराला रबरी शिक्क्यांची जुनी आवड आहे. केसपेपरवर आणखी एक शिक्का मारायला हरकत नसावी: शेवटचा धडधाकट पाहिल्याची वेळ, तपासणीची वेळ, एकूण गुण, आणि त्याखाली कोणत्या बाबीत किती. एका ओळीऐवजी तीन ओळी ठेवाव्यात, म्हणजे राजावाडीतली परीक्षा पहिल्या ओळीत, रुग्णवाहिकेतली दुसऱ्या ओळीत आणि शीवची तिसऱ्या ओळीत, एकाच कागदावर येईल. तिथला निवासी डॉक्टर आठाचे चौदा झालेले पाहील, आणि इंजेक्शनची बाटली काढायला सांगून मगच नातेवाइकांकडे वळेल.