वाफसा नसेल तर गाडी फडात घालू नका

ऊस वाहतूकदार, चालक आणि शेतकरी बंधूंनो, परतीच्या पावसानं कृष्णाकाठची काळी रानं ओली असतानाच दरवर्षी गळीत हंगाम सुरू होतो. कुपवाड-मिरजेच्या गॅरेजात मग क्लच जळलेले, हाऊसिंग फुटलेले ट्रक येऊ लागतात. डांबरीवर वर्षानुवर्षं कुरकुर न करणारा गिअर बॉक्स पाणंद सोडून फडात शिरला की शंभर फुटांत कामातून जाऊ शकतो. नुकसान होतं ते बहुतेक वेळा गाडी रुतल्यानंतरच्या घाईनं.

म्हणून आधी खाली उतरा आणि रान चालून बघा. टाच रुतून खड्ड्यात पाणी दिसलं तर गाडी बांधावरच उभी करा. मोळ्या चार पावलं जास्त वाहाव्या लागतील, टोळीला त्रास होईल हे खरं. मुकादमाशी ते आधीच बोलून घ्या. आत जायचंच असेल तर लहान गिअर बाहेरच टाका आणि चिखलात बदलू नका. क्लच अर्धा दाबून रेस करणं म्हणजे प्लेट घासत ठेवणं. जळका वास आला की न्यूट्रल करा, पाय काढा, इंजिन चालू ठेवून क्लच निवू द्या.

रुतलेल्या गाडीचं एक चाक गरगर फिरतं, दुसरं जागचं हलत नाही. हा सगळा फरक हाऊसिंगमधले लहान स्पायडर गिअर सोसतात. इतक्या वेगानं सतत फिरण्यासाठी ते बनवलेलेच नाहीत; तापतात, पिनवर धरतात. त्यातच फिरतं चाक अचानक दगडावर पकडलं तर त्या झटक्यानं अॅक्सल तुटतो किंवा क्राऊन-पिनियनचे दात उडतात. चाक गरगरलं की रेस सोडा. खोऱ्यानं चाकापुढचा चिखल ओढा. फडात पाचट हवं तेवढं असतं, त्याचा जाड थर चाकाखाली दाबून भरा, वर फळी टाका. सायलेन्सरजवळ मात्र कोरडं पाचट राहू देऊ नका, पेट घेतं. पुढं-मागं हलवून गाडी काढताना चाक पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका.

रस्त्याला लागल्यावर गाडीखाली वाकून बघा. ठिबकची नळी किंवा द्राक्षबागेची तार प्रॉपेलर शाफ्टला गुंडाळली जाते आणि ऑइल सील कापते. बाहेरून फक्त काळा ओलसर डाग दिसतो, आत तेल संपत आलेलं असतं. ब्रीदरचं भोकही चिखलानं बुजतं. तापलेला गिअर बॉक्स ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ते लगेच बदला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात झालं तसं गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर तेल तपासल्याशिवाय स्टार्टरही मारू नका.

शेतकरी बंधूंनो, तोड ठरली की निदान पंधरा दिवस आधी उसाचं पाणी तोडा. गाडी ज्या बाजूनं येणार तिथला पाट बुजवून घ्या. आणि मालकांनो, ड्रायव्हर "रान ओलं आहे, आत नेत नाही" म्हणाला तर त्याच्या शब्दाला मान द्या. खेप बुडाली म्हणून त्याचा पगार कापू नका.

गाडी बंदच पडली आणि ओढून गॅरेजला न्यायची असेल, तर न्यूट्रल केलं म्हणजे झालं असं समजू नका. मागची चाकं जमिनीवर फिरली की शाफ्ट गिअर बॉक्सचा मागचा भाग फिरवत राहतो; इंजिन बंद असल्यानं खालचा शाफ्ट फिरत नाही, तेल वर उडत नाही आणि बेअरिंग कोरडी जळतात. आधी चाकांना उट्या लावा, हाऊसिंगकडचे बोल्ट खोलून प्रॉपेलर शाफ्ट सोडवा, तो नीट बांधून ठेवा आणि मगच गाडी ओढा.