चालणाऱ्यांचा रस्ता

माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. नवरात्रात आणि दत्तजयंतीला येथे मराठवाडा, विदर्भ व तेलंगणातून भाविकांची रीघ लागते. 2023 मध्ये रेणुकादेवीच्या गडावर लिफ्ट व स्कायवॉकच्या कामाचे भूमिपूजन झाले. वृद्ध व अपंग भाविकांचे कष्ट त्यामुळे वाचणार असतील, तर त्यास विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न गडाखालच्या माणसांचा आहे. बंजारा तांड्यांतून आणि गोंड-कोलामांच्या वस्त्यांतून शाळेला, दवाखान्याला, बाजाराला बारा महिने पायी निघणाऱ्यांसाठी रस्त्यावर किती जागा राखली आहे?

मराठवाड्यातील कितीतरी रस्त्यांची खडी 1972 च्या दुष्काळात उपाशी स्त्री-पुरुषांनी फोडली. त्यांच्याच घामातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला पुढे 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले. ज्यांच्या हातांनी हे रस्ते घडले, त्यांची नातवंडे आज वाहनांना वाट देत कडेच्या चिखलातून चालतात. रस्ता रुंद झाला की वाहनांचा वेग वाढतो आणि पायी चालणाऱ्याची कड आकसते. याला सर्वांचा विकास कसे म्हणावे?

अपघाताला नशिबाचा खेळ मानण्याची आपली सवयही सोडली पाहिजे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत 32,825 पादचारी होते. एकूण मृत्यूंपैकी सुमारे दोनतृतीयांश ग्रामीण भागात झाले. रस्त्याची आखणी करताना चालणारा माणूस हिशेबातच धरला नाही, म्हणजे हे घडणारच.

कायदा आज चालणाऱ्याच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सुरक्षित व विनाअडथळा पदपथाचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात. परंतु न्यायालयाचा निर्णय आपल्या पायांनी तांड्यापर्यंत चालत येत नाही. तो लोकांनी खेचून आणावा लागतो.

आपल्या कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहून चालणारी मुले मोजावीत. मुलांना, विशेषतः मुलींना, कोठे भीती वाटते, हे त्यांच्या आयांना विचारावे. त्या आधारे ग्रामसभेत ठराव घ्यावा: वस्तीलगत पदपथ, शाळेपुढे गतिरोधक, थांब्यावर दिवा व निवारा, नाल्यावरील पुलाला चालण्याची कड. ठरावाची प्रत बांधकाम खात्याकडे द्यावी व उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

मागणी लहान आहे, पण तिच्यामागचे तत्त्व मोठे आहे. सार्वजनिक रस्ता सर्वांच्या मालकीचा असतो, आणि ज्याच्यापाशी वाहन नाही त्याचा त्यावरील हक्क तसूभरही कमी नसतो. तांड्यावरची पोर निर्धास्तपणे एकटी शाळेत पोहोचू लागेल, त्या दिवशी माहूरला रस्ता आला असे आपण म्हणू.