स्तूप हलवता येईल, पांढर नाही

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात भाजक्या विटांचा स्तूप सापडला. उत्खननकर्त्यांनी तो इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानला. पूर्णाकाठचे हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. म्हणून ‘स्तूप वाचवा’ ही मागणी आपल्या समाजातून होत आहे. मागणी रास्त आहे. पण आम्हाला ती अपुरी वाटते.

दान देणारी, राबणारी माणसे होती म्हणून स्तूप उभा राहिला. त्यांची वस्ती आज पांढरीच्या टेकाडात गाडलेली आहे. त्यांनी शिलालेख कोरले नाहीत. मागे ठेवली ती फुटकी गाडगी-मडकी. टेकाडाचा काळ आधी त्यांवरूनच ठरतो. सर्वेक्षणात टेकाडाचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातील खापरे वेगळी ठेवतात. काठाचा आकार, माती, भाजणी आणि झिलई पाहून ती इतर उत्खननांतील खापरांशी ताडून पाहतात. काळी, आरशासारखी चकाकणारी उत्तरेकडची भांडी साधारण इ.स.पू. ७०० ते २०० या काळातली. काळी-तांबडी भांडी मात्र अनेक शतके वापरात होती, त्यामुळे तेवढ्यावरून निश्चित काळ सांगता येत नाही. नांगरटीने वरची खापरे मिसळलेली असतात. कोणते खापर कोणत्या थरातले, हे खोदूनच कळते.

इथेच खरा प्रश्न आहे. नागार्जुनसागर धरणाआधी १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याचे उत्खनन झाले आणि काही निवडक वास्तू उंचावर पुन्हा उभारल्या गेल्या. म्हणजे शासनाने मनावर घेतले तर विटा हलवता येतात. थर हलवता येत नाहीत. पाणी चढण्याआधी जे नोंदले गेले नाही, ते कायमचे गेले.

म्हणून आपली मागणी अशी हवी: केवळ स्तूपाचे स्थलांतर नको, तर बुडितातील प्रत्येक टेकाडाचे सर्वेक्षण, निवडक ठिकाणी उत्खनन आणि अहवाल मराठीतून जनतेसमोर.

आपलीही जबाबदारी आहे. श्रद्धेने खापर घरी नेले, तर त्याचा पुरावा म्हणून जीव जातो. ते जागेवरच राहू द्या, फोटो काढा, गट क्रमांक लिहा आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. प्रत्येक टेकाड बौद्धच होते, असा दावाही घाईने करू नये. एक दावा खोटा ठरला की दहा खऱ्यांवर शंका घेतली जाते. बुद्धांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असे कालामांना सांगितले. आपल्या इतिहासालाही तीच कसोटी लावू या. पुरावा आपल्या बाजूने आहे. तो बुडू देऊ नये, एवढेच.