पाहावयाचें सिनेगॉग आणि ऐकावयाचें सिनेगॉग

पुण्याच्या लष्कर भागांत डेव्हिड ससून यांनीं बांधविलेलें आणि १८६७ सालीं पुरें झालेलें ओहेल डेव्हिड हें यहुद्यांचें सिनेगॉग आहे. पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. मुंबईच्या मांडवी भागांत सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ सालीं उभारलेल्या शार हारहमीम या सिनेगॉगला खुद्द बेने इस्रायल मंडळी जुनी मशीद म्हणत आली. प्रार्थनागृह यहुद्यांचें, त्याला शेजाऱ्यांनीं देऊळ म्हटलें, घरच्यांनीं मशीद म्हटलें, आणि त्यांत कोणालाहि विटाळ झाला नाहीं. ज्या भाषेंत हें सहज घडलें ती मराठी भाषा आतां त्या इमारतींतून पाऊल बाहेर टाकीत आहे. आमची तक्रार आहे ती याविषयीं. आणि ती जितकी यहुदी बांधवांजवळ आहे, तिच्या दुप्पट आमच्या आम्हांजवळ आहे.

अलीकडे सिनेगॉग पाहावयास जाण्याची टूम निघाली आहे. आठवड्याची सुटी गांठून वीस-पंचवीस सुशिक्षित मंडळींची टोळी निघते, वाटाड्या कमानींची शैली सांगतो, रंगीत कांचांचीं चित्रें घेतलीं जातात, आणि उपाहारगृह उघडें आहे तोंवर सर्वजण बाहेर पडतात. अशा फेऱ्यांत आम्हीहि सामील झालों आहों. तेव्हां दोष देतांना स्वतःला वगळीत नाहीं. मुंबईच्या कोटांतील १८८४ सालचें केनेसेथ एलियाहू २०१९ सालीं दुरुस्त होऊन नव्या तेजानें झळकूं लागलें, याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु भिंत धुतली म्हणजे घर नांदतें झालें असें नव्हे. २००८ च्या हल्ल्यानंतर तेथें पहारा बसला, आंत जातांना ओळख पटवावी लागते, हें समजण्यासारखें आहे. जें समजत नाहीं तें हें कीं, इतकी यातायात करून आंत गेलेला मराठी वाचक तेथें कोणती भाषा बोलली गेली, कोणतीं पदें गाइलीं गेलीं, हा प्रश्नच विचारीत नाहीं. तो येतो तो पाहावयास. ऐकावयाचें कांहीं असेल ही कल्पनाच त्याच्या डोक्यांत नसते.

तर ऐकावयाचें होतें तें काय? १८८० च्या सुमारास मुंबईंतील कांहीं बेने इस्रायल गृहस्थांनीं हिंदूंचीं कीर्तनें ऐकलीं आणि त्यांच्या मनांत आलें कीं, आपल्या मुलाबाळांना पूर्वजांच्या कथा सांगण्यास याहून चांगलें साधन नाहीं. त्यांनीं अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें रचलीं, साक्या आणि दिंड्या बांधल्या, पेटी-तबला घेतला, आणि इस्रायलाच्या देवाचें गुणगान मराठींत उभें केलें. त्या काळच्या सामान्य बेने इस्रायल माणसाला हिब्रू प्रार्थना पाठ असे, पण अर्थ कळत नसे. योसेफाला भावांनीं विहिरींत टाकलें ही गोष्ट कोंकणांतून आलेल्या म्हातारीला जर पुरती कळली असेल, तर ती याच कीर्तनांतून. त्याआधीं १८४६ सालीं पेसाह सणाची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईंत छापली गेली होती. १८७४ सालीं पुण्यास निघालेल्या हग्गादेंतील चित्रांत तर बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडीं नेसलेल्या आहेत. हा सारा उद्योग कोणा परकीयानें हौसेनें केलेला नव्हे. ज्यांची घरची बोली मराठी होती त्यांनीं तो स्वतःसाठीं केला.

या कीर्तनावर समाजाच्या आंतूनच एक आक्षेप घेतला जातो. सिनेगॉग हें प्रार्थनेचें स्थान. तेथें गाणीं, व्याख्यानें, मेजवान्या कशाला? आणि त्यांतून कीर्तन म्हणजे तर हिंदूंची उसनवारी. आम्ही बाहेरचे, दुसऱ्याच्या धर्मांत नाक खुपसण्याचा आम्हांला अधिकार नाहीं. पण आक्षेपच जर इतिहासाच्या नांवानें घेतला जात असेल, तर इतिहास काय म्हणतो तें पाहाण्यास हरकत नसावी. हिब्रूंत या वास्तूला बेथ केनेसेथ म्हणतात, म्हणजे जमण्याचें घर. ग्रीकांतून आलेल्या सिनेगॉग शब्दाचा अर्थहि मेळावा असाच आहे. जेरुसलेम येथें थिओडोटस नांवाच्या पुरोहिताचा एक ग्रीक शिलालेख सांपडला आहे. तो इसवी सनाच्या पहिल्या शतकांतला असल्याचें बहुतेक पंडित मानतात. आपण सिनेगॉग बांधलें तें धर्मशास्त्राच्या वाचनासाठीं आणि आज्ञांच्या शिकवणीसाठीं, असें तो सांगतो. शिवाय परगांवाहून येणाऱ्यांसाठीं खोल्या आणि पाण्याची सोय केल्याचेंहि नमूद करतो. आमच्याकडे ज्याला देऊळ, पाठशाळा आणि धर्मशाळा मिळून म्हणावें तें हें. प्रार्थनेचा त्या लेखांत उल्लेखसुद्धां नाहीं!

उसनवारीचें म्हणावें तर, तोरेचें हिब्रू वचन वाचलें कीं लगेच तें लोकांच्या अरमाइक बोलींत सांगणारा दुभाषी प्राचीन सिनेगॉगांत उभा राहात असे. कद्दीश ही प्रार्थना अरमाइकमध्येंच आहे. मैमोनिदिसानें आपला तत्त्वज्ञानाचा मोठा ग्रंथ अरबी भाषेंत लिहिला. बगदादचा यहुदी बगदादच्या चालींवर गातो आणि त्याला कोणी मुसलमान म्हणत नाहीं. मग कोंकणच्या यहुद्यानें दिंडी गाइली तर त्याचें यहुदीपण कोणत्या तराजूंत कमी भरतें?

तरीहि हा आक्षेप घेणाऱ्यांविषयीं आम्हांला राग येत नाहीं, कारण त्यामागचें दुःख खरें आहे. याच मुंबईंत बगदादी यहुद्यांपैकीं अनेकांनीं बेने इस्रायलांना बरोबरीचे मानलें नाहीं. प्रार्थनेस लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांची गणना करण्यास ते तयार नसत. पुढें इस्रायलमध्यें गेल्यावर १९६२ सालीं तेथील धर्मपीठानें बेने इस्रायलांच्या विवाहांपूर्वीं त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा हुकूम काढला, आणि १९६४ सालीं मोठ्या निदर्शनांनंतर तेथील लोकसभेनें त्यांना सर्व बाबतींत यहुदीच मानावें असें ठरविलें. ज्यांना आपलें कूळ पुन्हा पुन्हा सिद्ध करावें लागलें, त्यांनीं शेजाऱ्याच्या घरासारखें दिसणारें जें जें असेल तें झांकूं पाहावें, यांत नवल तें काय? पण परीक्षकाची भीति वाटते म्हणून आजीचें गाणें टाकून द्यावें, हा परीक्षकाचाच विजय झाला. आणि गंमत अशी कीं, समाजानें मलिदा मात्र सोडला नाहीं. भिजविलेले पोहे, साखर, ओला नारळ आणि फळें यांचें तें ताट एलियाहू हन्नाबीच्या नांवानें आजहि मांडलें जातें. अलिबागेजवळ खंडाळ्यास ज्या खडकावर त्या प्रेषिताच्या रथाच्या खुणा उमटल्या अशी श्रद्धा आहे तेथें भाविक जातात. पोहे चालतात, तर पद कां चालूं नये?

आतां आमच्या घरच्या दोषाकडे वळूं. फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणाला आमच्या वाङ्मयेतिहासांत मानाचें पान आहे आणि तें योग्यच आहे. रेव्हरंड टिळकांवांचून मराठी कवितेचा इतिहास पुरा होत नाहीं. मग बेने इस्रायलांच्या कीर्तनांवर, त्यांच्या हग्गादांवर, त्यांच्या नियतकालिकांवर दोन ओळींपलीकडे मजकूर आम्हांला क्वचितच कां आढळावा? तें काव्य थोर आहे असा आमचा दावा नाहीं. त्यांतील पुष्कळ पदें सरधोपट आहेत, हें मोकळेपणीं कबूल करतों. पण त्या काळचीं किती हिंदु आख्यानें याहून सरस होतीं? सरधोपट हिंदु पदांवर प्रबंध लिहिले जातात. यहुदी पदांना मात्र ‘रंजक’ असें एक विशेषण देऊन रजा दिली जाते. नवीन वर्षाला नव्याचा सण, योम किप्पूरला दारफळणी, आणि मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाला, उपास सोडतांना वालाचें बिरडें खात म्हणून, बिरड्याचा सण म्हणणारी ही मराठी आमच्या कोशकारांना आणि समीक्षकांना परकी कशी वाटली?

२०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें यहुदी समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. कागद मिळाला, बरें झालें. परंतु १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलला गेलीं. भारतांत उरलेले यहुदी कांहीं हजारांपलीकडे नाहींत, आणि कित्येक सिनेगॉगांत दहा पुरुष जमविणेंहि कठीण झालें आहे. अशा समाजानें कीर्तनाचा कार्यक्रम ठेवला तर श्रोते कोठून आणावे? ते आपण व्हावें. पदें मराठी आहेत, कथा जगाला ठाऊक असलेली आहे, आणि पूर्वरंग-उत्तररंगाची समज आमच्या वडील पिढीला नव्यानें शिकवावी लागणार नाहीं. सिनेगॉगांच्या विश्वस्तांना आमची विनंति इतकीच कीं, सणाच्या दिवसांत जो सार्वजनिक कार्यक्रम ते करतील, त्याचें निवेदन इंग्रजींत न करतां मराठींत करावें. वर्षांतून एकदां तरी जुनें आख्यान उभें करावें, आणि त्यास शेजाऱ्यांना बोलवावें. त्याचप्रमाणें १८७५ पासून चालत आलेल्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेसारख्या व्यासपीठांनीं एक संध्याकाळ या कीर्तनाला द्यावी. पुरातनवस्तूचें प्रदर्शन म्हणून नव्हे. इतर कोणत्याहि कीर्तनाला द्यावी तशी, बऱ्यावाईटाची चिकित्सा करण्याची मोकळीक ठेवून.

एक काम मात्र थांबण्यासारखें नाहीं. लोद, अश्दोद, दिमोना येथें स्थायिक झालेल्या बेने इस्रायलांनीं तेथें ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. तेथील वयस्क स्त्रिया एकत्र जमून हीं पदें अजून गातात, आणि त्यांच्या हातच्या वह्यांत तीं देवनागरींत उतरून ठेवलेलीं आहेत. नातवंडांना ती लिपि वाचतां येत नाहीं. या वह्यांच्या नकला आणि चालींचीं ध्वनिमुद्रणें करण्यास फार मोठा खर्च लागणार नाहीं; मराठींत वाङ्मयसंशोधनाच्या संस्था आहेत, त्यांच्याजवळ पैसाहि आहे. त्यांपैकीं कोणी हें काम हातीं घेतलें आहे काय, हें आम्हांला त्यांच्याकडूनच ऐकावयाचें आहे. उत्तर आल्यास याच पानांत आनंदानें छापूं.