नाव पूर्ण दिसू द्या

आमच्या प्रयोगशाळेत एकदा ‘आंबेगाव-पाऊस-आषाढ’ आणि ‘आंबेगाव-पाऊस-श्रावण’ अशा दोन फाइली होत्या. संगणकाच्या यादीत दोन्ही ‘आंबेगाव-पाऊस…’ एवढ्याच दिसत. एकच फाइल दोनदा आली आहे असे समजून एका विद्यार्थ्याने एक पुसली. श्रावणातल्या सगळ्या नोंदी गेल्या!

दोष मुलाचा की यादीचा? माझ्या मते यादीचा. १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये नावाला ८ व प्रकाराला ३ अक्षरेच मिळत. तेव्हा काटकसर अटळ होती. १९९५ च्या विंडोजपासून २५५ अक्षरांपर्यंत नावे चालू लागली. लिनक्सवर सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘जुन्नर’ या शब्दात उकार व हलन्त धरून ६ चिन्हे, म्हणजे १८ बाइट झाले. तरीही ८५ चिन्हे मावतात. मग ती दाखवताना कंजुषी का?

दुव्याचेही तसेच. रस्त्यावरची ‘लेण्याद्री’ ही पाटी म्हणजे लेणी नव्हेत. सांकेतिक दुवाही मूळ फाइलीचा फक्त पत्ता सांगतो. मूळ फाइल पुसली की तो पोकळ ठरतो. म्हणून दुवा कोठे नेतो, हे यादीने बाण काढून दाखवलेच पाहिजे.

यादी लांबेल, असे कोणी म्हणेल. लांबू द्या! खोडदच्या दुर्बिणीच्या ३० तबकड्यांनी टिपलेली नोंदही कोणत्या दिवसाची हे कळले नाही, तर तिचा उपयोग काय? पुसण्यापूर्वी पूर्ण नाव वाचण्याची सवय आपण आजच लावून घेऊ या.