कणीच्या ढिगातील हिशेब

कामगार टिकत नाहीत, ही गोंदिया जिल्ह्यातील राईस मिलच्या गादीवर नित्य ऐकू येणारी तक्रार आहे. अलीकडे व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनी तिच्यावर शास्त्राची झूल चढविली आहे. कामगार सोडून गेला की नव्याचा शोध, त्याचे शिक्षण आणि दरम्यानची नासाडी असा छुपा खर्च धंद्यावर पडतो; सबब मालकाने कामगाराला जरा बरे वागवावे, असा त्यांचा उपदेश. चळवळीतील काही सद्भावी मंडळीही हेच गणित घेऊन मालकांच्या दारात जाऊ लागली आहेत. गणित खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र भाबडा आहे.

शासनाने आधारभूत किमतीने खरेदी केलेले धान भरडाईसाठी गिरणीत येते. खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. गिरणीने मात्र क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत द्यावयाचा असतो. धान पुरेसे सुकले की नाही, शेलरच्या रबरी रुळांतील फट किती ठेवावी, पॉलिशरचा दाब केव्हा सैल करावा, हे दाणा दाताखाली धरून ओळखणारा मिस्त्री एका हंगामात तयार होत नाही. रूळ झिजतात तशी फट पुन्हा साधावी लागते. ती चुकली की एक तर धान तुसासकट पुढे जाते, नाही तर दाणा फुटून कणी, म्हणजे इकडची कनकी, वाढते. वजन फारसे कमी होत नाही, भाव कमी होतो. मालकाच्या वहीत विजेचे खाते असते, बारदान्याचे असते. गेलेल्या मिस्त्रीचे नसते. त्याची किंमत कणीच्या ढिगात जमा होते.

मग मालक त्याला जाऊ का देतो? त्याला हिशेब कळत नाही म्हणून? धानाच्या ओलाव्यावरून व्यापाऱ्याशी तासभर घासाघीस करणारा माणूस एवढा अडाणी नसतो. जुना झालेला कामगार हक्क मागतो, शेजाऱ्याला संघटनेत आणतो. औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवसांचे काम म्हणजे सलग एक वर्षाची नोकरी मानली जाई. म्हणूनच तो दिवस उजाडण्यापूर्वी हजेरीपटावरून नाव उडविण्याची हातचलाखी देशभर रूढ झाली. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षांची अट घातली, आणि कामगाराची पाच वर्षे भरू न देणे हाच शहाणपणा ठरला. फुटलेला दाणा हे मालकाचे नुकसान खरेच. पण फुटलेल्या कामगारवर्गासाठी तो ही किंमत राजीखुशीने मोजतो.

या मुलखाला ही युक्ती नवी नाही. विडीच्या धंद्यात कारखानदार आणि कामगार यांच्यामध्ये सट्टेदार उभा केला गेला. तेंदूपान आणि तंबाखू कारखानदाराचा, वळलेली विडीही त्याचीच; वळणारी बाई तेवढी कोणाचीच नाही! तिला कायद्याने कामगार म्हणण्यास १९६६ साल उजाडावे लागले.

फोर्डचे उदाहरण पंडितांना फार प्रिय आहे. १९१३ साली त्याच्या मोटार कारखान्यात कामगार बदलण्याचे प्रमाण वर्षाला ३७० टक्क्यांवर गेले. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला पाच डॉलर मजुरी आणि आठ तासांचा दिवस जाहीर केला, तेव्हा माणसे टिकली. येथवर सारे सांगतात. त्या मजुरीसाठी कामगाराच्या घरी निरीक्षक जाऊन त्याचे राहणीमान तपासीत, हे कोणी सांगत नाही. आणि युनियनला मान्यता देण्यास फोर्डला १९४१ चा संप व्हावा लागला, हेही नाही. मालकाच्या हिशेबातून जे मिळाले ते त्याच्याच अटींवर मिळाले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या. त्यांनी कामगारांचे बरेच काही काढून घेतले आहे; परंतु प्रत्येकाला नेमणूकपत्र आणि निश्चित मुदतीच्या कामगारास एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, ही दोन कलमे त्यांत आहेत. नेमणूकपत्रच नसेल तर ती मुदत कोण मोजणार? दिवाळीनंतर नवे धान केंद्रांवर येऊ लागते, गिरण्या दिवसरात्र चालतात आणि जाणत्या मिस्त्रीवाचून मालकाचे पान हलत नाही. कार्यकर्त्यांनी फाटकावर जावे ते त्याच दिवसांत. मालकाला त्याचा तोटा समजावीत बसू नये; हमाल, मिस्त्री आणि झाडणारी बाई यांना एकत्र बसवून लेखी नेमणूकपत्र आणि हजेरीची नक्कल मागावी.