हकला वर्गात ठेवा, पण एकट्याला नको

प्रति,
इंग्रजी व सांस्कृतिक अभ्यास विभाग,
पंजाब विद्यापीठ, सेक्टर १४, चंडीगड



पत्र तुम्हाला लिहितो आहे, पण ते छापून येतंय मराठीत. इंग्रजी प्रत वेगळी पाठवतो आहे, तेव्हा चिंता नसावी. मी याच शहरात राहणारा एक मराठी वाचक. विषय तुमच्या टेबलावरचा आहे. अमेरिकन साहित्याचा अभ्यासक्रम पुन्हा मांडायला बसाल, तेव्हा मार्क ट्वेनच्या 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन'चं काय करायचं?

या कादंबरीवरचा वाद तिच्याइतकाच जुना. १८८५च्या फेब्रुवारीत ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि मार्चमध्येच काँकर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयानं तिला बाहेर काढलं. भाषा गावंढळ, नायक खोटारडा, पोरं बिघडतील, असा आक्षेप होता. आता पंचवीस हजार प्रती जास्त खपतील, म्हणून ट्वेन खूश झाला. गुलामगिरीबद्दल ग्रंथालयाच्या समितीला काहीच खटकलं नव्हतं. पुढे १९५७ साली न्यू यॉर्क शहराच्या शिक्षण मंडळानं पुस्तक पाठ्ययादीतून वगळलं, तोवर तक्रारीचा सूरच बदलला होता. काळ्या माणसाला दिलेली शिवी दोनशेहून अधिक वेळा या पुस्तकात येते. ती आमच्या मुलांनी भर वर्गात का ऐकून घ्यायची, असं आता काळा समाज विचारत होता.

या दोन्ही तक्रारींना आपण 'पुस्तकबंदी' म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. पहिलीत सभ्य लोकांना आपल्या मुलांची काळजी होती. दुसरीत अपमान सोसलेली माणसं बोलत होती. तिच्याशी मतभेद असू शकतो, पण तिला उत्तर द्यावं लागतं. तिसरी तऱ्हा आमच्या मुंबईनं दाखवली. २०१० साली रोहिंटन मिस्त्री यांच्या 'सच अ लाँग जर्नी'च्या प्रती मुंबई विद्यापीठाच्या दारात जाळल्या गेल्या आणि कुलगुरूंनी खास अधिकार वापरून ती कादंबरी अभ्यासक्रमातून काढून टाकली. ती शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही.

ट्वेन मुंबईला आला होता, हे तुम्हाला ठाऊक असेलच. जानेवारी १८९६मध्ये तो वॉटसन्स हॉटेलात उतरला. (काळ्या घोड्याजवळची लोखंडी सांगाड्याची ती इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन या नावानं कशीबशी उभी आहे.) खोलीची व्यवस्था बघायला आलेल्या धिप्पाड जर्मनानं काय चुकलं ते सांगण्याआधीच तिथल्या देशी नोकराच्या थोबाडीत दिली. नोकर मुकाट राहिला. 'फॉलोइंग द इक्वेटर'मध्ये ट्वेननं हा प्रसंग लिहिला आहे. तो पाहून त्याला पन्नास वर्षांपूर्वीचं मिसूरीतलं घर आठवलं. एरवी प्रेमळ असलेले वडील घरच्या गुलाम पोराला बारीकसारीक चुकांसाठी असेच फटकावत, आणि लहानग्या ट्वेनला ते रीतसरच वाटे. त्याच दौऱ्यात तो लाहोरलाही गेला. १८८२ साली स्थापन झालेलं तुमचं विद्यापीठ तेव्हा तिथेच होतं.

कादंबरीचा जीव याच 'रीतसर वाटण्या'त आहे. गुलामीतून पळून आलेल्या जिमला पकडून देण्यासाठी हक चिठ्ठी लिहितो आणि ती फाडून टाकतो. त्याला काही एकाएकी न्याय सुचलेला नसतो. आपण पाप करतो आहोत, नरकात जाणार, अशी त्याची पुरी खात्री असते, तरी फाडतो. समाजानं घडवलेलं मनच किडकं असू शकतं, हे इतक्या कमी शब्दांत फार थोड्यांनी दाखवलं असेल. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या आमच्या पणजोबांनी ते पान वाचायला हवं होतं.

पण म्हणून तिला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. शेवटी हकचा मित्र टॉम सॉयर उगवतो आणि जिमच्या सुटकेचा पोरखेळ करून टाकतो. मालकिणीनं मृत्युपत्रात जिमला मोकळं केलंय, हे या पठ्ठ्याला आधीपासून माहीत असतं. सगळं आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून आलं, असं हेमिंग्वेनं १९३५मध्ये म्हटलं. त्याचा शेवट वाचू नका, असंही तिथेच बजावलं. पहिलं विधान सगळ्यांना पाठ आहे, दुसरं प्रश्नपत्रिकेत क्वचितच येत असेल. थोर कादंबरी आहे आणि शेवटी ती जिमला दगा देते. दोन्ही खरं आहे.

२०११ साली अमेरिकेत एका प्राध्यापकानं शिवीच्या जागी 'गुलाम' घालून शुद्ध आवृत्ती काढली. ती कृपा करून मागवू नका. ती शिवी सर्रास तोंडात असणारा समाज कसा होता, हेच तर ट्वेन दाखवतो आहे. खरं उत्तर पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या लेखकानं दिलं. त्याच्या 'जेम्स'मध्ये तीच कथा जिम सांगतो. गोऱ्यांसमोर तो मुद्दाम अडाण्यासारखं बोलतो, आपल्या माणसांत उत्तम इंग्रजी. या कादंबरीला २०२४चा नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५चा पुलित्झर मिळाला. 'हकलबेरी फिन' ठेवाल तर तिच्याच पेपरात ही ठेवा.

आता तुमच्या वर्गाबद्दल. तुमची संलग्न महाविद्यालयं होशियारपूर, मोगा, फिरोजपूरपर्यंत पसरलेली आहेत. २०११च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींचं प्रमाण जवळपास ३२ टक्के, देशातल्या राज्यांत सर्वांत जास्त. होशियारपूर हा मंगू राम मुगोवालिया यांचा जिल्हा. कॅलिफोर्नियात राबून, गदर चळवळीत वावरून ते परतले आणि १९२६मध्ये त्यांनी दलितांची आद धर्म चळवळ उभी केली. जिमची बाजू घरूनच शिकून आलेली मुलं तुमच्या बाकांवर आहेत. त्यांच्यापैकी कुणाला उभं करून शिवी असलेला उतारा मोठ्यानं वाचायला लावू नका. एवढी समज असली की पूर्ण पुस्तक निर्धास्त शिकवता येईल.

अमेरिकेशी हे नातं आमच्याकडेही आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच ब्लॅक पँथरवरून आलेलं. आणि तुमचा स्वतःचा हक तर तुमच्याच आवारात वावरलेला आहे. मुल्कराज आनंद १९६०च्या दशकात तुमच्या विद्यापीठात टागोर अध्यासनावर होते. त्यांच्या १९३५च्या 'अनटचेबल'मध्ये बखा या सफाई कामगार पोराचा एक दिवस आहे आणि लेखक स्वतः अस्पृश्य नव्हता. ट्वेनला विचारायचे सगळे प्रश्न आनंदांनाही विचारता येतात. त्यांच्याशेजारी दया पवारांचं 'बलुतं' ठेवा. जेरी पिंटोंनी केलेला इंग्रजी अनुवाद मिळतो. बलबीर माधोपुरींचं 'छांग्या रुख' तर तुमच्याच भाषेतलं. सोसणाऱ्यानं स्वतः सांगितलं की अपमानाचा शब्द कसा निराळा वाजतो, ते मुलांना व्याख्यानावाचून कळेल.

वेळ पुरत नाही, पेपर शंभर गुणांचाच असतो, हे मला कळतं. मग ट्वेनची शेवटची प्रकरणं भरभर आटपा. त्यांनी त्याहून जास्त काही कमावलेलं नाही. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि होशियारपूर-मोग्याच्या प्राध्यापकांनाही तिथे बोलवा. हा पेपर शेवटी त्यांनाच शिकवायचा आहे.

आपला,
चंडीगडमधला एक मराठी वाचक